ऐकायला सारखे, अर्थाला वेगळे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'कॉम्प्युटर आणि आजचे जग'. मी म्हटलं, अरे, वीस-बावीस वर्षं मी तेच करते आहे. शाळेत आल्यावर तरी मला सुट्टी द्या. तेव्हा आज मी कॉम्प्युटरवर थोडंच बोलेन. बोलणार आहे आपल्या इंग्रजीच्या तासाबद्दल, आणि त्या तासाला माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. जिच्यावर मार्क कापले जात नाहीत अशी ती चूक होती, म्हणून इतकी वर्षं तशीच राहिली.

आपल्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आपण शाळा सोडून गेलो होतो. दहा वर्षांची झाल्यावर आपण ए बी सी डी गिरवायला बसलो. आणि स्पेलिंग पाठ कसं करायचं, तर पाढे म्हणावेत तसं. सगळा वर्ग डुलत डुलत म्हणायचा: "एन ई डब्ल्यू न्यू, न्यू म्हणजे नवीन. के एन ई डब्ल्यू न्यू, न्यू म्हणजे माहीत होते." मग कोणीतरी विचारायचं, "सर, तो के कशाला?" सर म्हणायचे, "के सायलेंट." शेवटच्या बाकावरून आवाज यायचा, "मग ठेवलाच कशाला?"

पुढे हे शब्द वाढतच गेले. राइट म्हणजे लिहिणे, राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे उजवा. ब्रेक म्हणजे मोडणे, आणि सायकलचा ब्रेक वेगळा. सन म्हणजे सूर्य, सन म्हणजे मुलगा, आणि आपल्याला तर फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेला मराठी सनही दिसायचा. सरांनी तेव्हा एक युक्ती काढली होती. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा, आणि खाली दोन्ही वापरून एक वाक्य. सर, माझी ती वही पुण्याच्या घरी अजून आहे. तिच्यात पहिलं वाक्य आहे शेतकऱ्याच्या मुलाचं, जो उन्हात उभा आहे.

आता त्या चुकीकडे येते.

आठवीत होतो आपण. रजेचा अर्ज शिकवत होते. सरांनी एका मुलाला फळ्यावर बोलावलं. तालुक्यातल्या एका वाडीवरून सायकल हाणत यायचा तो. पावसाळ्यात त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली असायची. त्याच्या घरात शाळेची पायरी चढलेला तोच पहिला. त्यानं खडू घेतला आणि मोठ्या, सुबक अक्षरात मायना लिहिला: 'डिअर सर'. फक्त डिअर लिहिताना ई ए आर च्या ऐवजी त्यानं डबल ई आर लिहिलं. डी डबल ई आर म्हणजे हरीण.

वर्गात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. पहिल्या बाकावर बसणारी, पहिला नंबर काढणारी मी. मी उभी राहून मोठ्यानं ओरडले, "सर, यानं तुम्हाला हरीण केलं!"

वर्ग कसा हसला ते तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. सर हसले नव्हते. त्यांनी डस्टरनं ते एकच अक्षर पुसलं आणि म्हणाले, "ऐकायला बरोबर आहे. तुझा कान चांगला आहे. आता डोळ्यांनी बघ." पण ते ऐकायला वर्गात कोण शांत होतं? त्या दिवसापासून दहावीपर्यंत त्याचं नाव 'हरीण' पडलं. इंग्रजीच्या तासाला त्यानं पुन्हा हात वर केला नाही. विचारलं तर उभा राहायचा आणि खाली बघायचा. दहावीला सगळ्या विषयांत पास झाला, इंग्रजी राहिलं. ते ऑक्टोबरला सुटलं, पण कॉलेजचं वर्ष गेलं, आणि मग कॉलेजच गेलं.

सगळा दोष माझ्या एका वाक्याचा होता असं मी म्हणणार नाही. घरची शेती होती, पैसा नव्हता, बरंच काही होतं. पण त्या यादीत माझं ते वाक्यही आहे.

आता माझी पाळी कशी आली ते सांगते. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, माझं इंजिनियरिंग झालं आणि मी पुण्यात नोकरीला लागले. अमेरिकेतल्या ग्राहकाचं काम होतं. रात्री टेबलाच्या मधोमध स्पीकर फोन ठेवून आम्ही पाच-सहा जण बसायचो. बाकीचे शहरातल्या इंग्रजी शाळांतले. मराठी शाळेतली मी एकटी. एका रात्री माझ्या प्रोग्रॅमचा विषय निघाला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, आज रात्री तो चालवता येईल, किंवा येणार नाही. यातलं नक्की काय ते मला कळलं नाही. इंग्रजीत 'कॅन' म्हणजे येईल आणि 'कॅन्ट' म्हणजे येणार नाही. अमेरिकन माणूस भराभर बोलताना त्यातला शेवटचा टी गिळून टाकतो. मला 'कॅन'सारखं ऐकू आलं.

शंका आली होती बरं का. "परत एकदा सांगता का?" एवढंच विचारायचं होतं. पण मला वाटलं, टेबलाभोवतीचे हसतील. ही मराठी मीडियमची, हिला साधं इंग्रजी कळत नाही, म्हणतील. मी "ओके" म्हटलं आणि रात्री प्रोग्रॅम चालवला. त्या दिवसाची नोंद करणं तिकडे अजून चालू होतं. अर्धवट माहितीवर सगळे हिशेब झाले. ते निस्तरायला आमच्या टीमला तीन दिवस आणि तीन रात्री लागल्या. गंमत म्हणजे नंतर मला कळलं की अमेरिकन लोक स्वतःही एकमेकांना सर्रास विचारतात, "कॅन की कॅन्ट?" त्यांना त्याची लाज वाटत नाही. लाज फक्त मला वाटली होती.

तिसऱ्या रात्री ऑफिसात चहा घेताना मला आपला आठवीचा वर्ग आठवला. मित्रांनो, हसण्याला मी का घाबरले होते ठाऊक आहे? कारण कसं हसतात ते मला चांगलं माहीत होतं. ते मीच तर सुरू करायचे.

माझं तीन दिवसांवर भागलं. सगळ्यांचं भागत नाही. १९ फेब्रुवारी १९८९ ला सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालेलं एक मालवाहू विमान उतरायच्या बेतात होतं. खालच्या नियंत्रकानं सांगितलं, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." त्याच्या मनातला टू म्हणजे आकडा दोन. दोन-चार-शून्य-शून्य, म्हणजे २४०० फुटांवर या. वैमानिकाला ऐकू आला तो दुसरा टू, 'पर्यंत' या अर्थाचा. त्याला वाटलं, चार-शून्य-शून्य, ४०० फुटांपर्यंत या. ऐकलेली सूचना वैमानिकानं परत म्हणायची आणि नियंत्रकानं ती तपासायची, अशी विमानांच्या जगातली पद्धत आहे. वैमानिकानं परत म्हटलंही, "फोर झिरो झिरो." पण पलीकडे ते कोणाला खटकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतली चारही माणसं गेली. इतरही चुका झाल्या होत्या. पण सुरुवात आपण पाचवीत पाठ केलेल्या 'टू' आणि 'टू' नं झाली.

मग इंग्रजीत असे शब्द इतके का? मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळालं. तो 'के' पूर्वी मुका नव्हता. नाइट म्हणजे सरदार आणि नाइट म्हणजे रात्र हे शब्द एकेकाळी वेगळे ऐकू यायचे, कारण सरदारातला 'के' खरोखर उच्चारला जायचा. मीट म्हणजे भेटणे आणि मीट म्हणजे मटण यांतले स्वरही वेगळे होते. १४७६ मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला. छापील शब्द हळूहळू एका जागी बसले, पण लोकांची तोंडं बदलत राहिली. उच्चार एकमेकांत मिसळले आणि स्पेलिंगं जुन्या घरांच्या पाट्यांसारखी तशीच राहिली. आणि 'हरणा'बद्दल सांगायचं तर तो शब्द मुळात कुठल्याही जनावरासाठी होता, आणि जुन्या इंग्रजीत 'प्रिय' आणि 'जनावर' हे दोन शब्द जवळजवळ सारखेच होते. म्हणजे आपल्या मित्रानं फळ्यावर केलेली गफलत त्या भाषेच्याच जुन्या घरातली होती.

आपण मराठीवाल्यांनी इंग्रजीला फार हसू नये. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हे व्याकरणाच्या पेपरात आपण लिहिलं, पण बोलताना कोण वेगळं बोलतं? आपल्या शाळेचे जुने दाखले काढून बघा. त्यांवर 'विद्यार्थ्याचे नांव' असं अनुस्वार देऊन छापलेलं दिसेल. पूर्वी अनुस्वाराचं नांव म्हणजे माणसाचं, आणि बिनअनुस्वाराची नाव म्हणजे पाण्यातली. १९६२ पासून साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि दोन्ही नावा एकाच काठाला लागल्या. तरी दाखल्यावर नाव वाचून कोणी होडी शोधायला गेलं नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ सांगतात.

आणि आपलं गाव तर सारख्या आवाजांचंच आहे. जुनी माणसं याला रौजा म्हणायची. रौजा म्हणजे थडग्याभोवतीची बाग. आणि रोजा म्हणजे उपवास. आपल्या वर्गात दखनी बोलणारे जेवढे होते तेवढेच मराठी बोलणारे, आणि मराठी पोरांना वर्षानुवर्षं वाटायचं की गावाचं नाव रमजानवरून पडलं. औरंगजेबाला त्याच्या मृत्यूनंतर 'खुल्द-मकान' म्हणू लागले, म्हणजे स्वर्गात ज्याचं घर आहे तो. त्यावरून खुल्दाबाद झालं. मराठी तोंडाला खुल्द अनोळखी, पण 'खुलता' ओळखीचा. झालं खुलताबाद! स्वर्गाचं गाव आपण खुलतं करून टाकलं, आणि कोणाला ती चूक वाटली नाही. माझ्या आजीनं शाळेच्या भिंतीवर 'सर्व शिक्षा अभियान' वाचलं तेव्हा ती म्हणाली होती, "सगळ्यांलाच शिक्षा? असं काय केलं गं लेकरांनी?" हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. आजीनं विचारलं म्हणून तिला कळलं.

आता संयोजकांचा मान राखून थोडं कॉम्प्युटरचं. आपण फोनमध्ये 'जीबी' म्हणतो, त्यातला बी म्हणजे बाइट. १९५६ मध्ये वर्नर बुखहोल्झ या इंजिनियरनं हा शब्द काढला. मूळ शब्द 'चावा' या अर्थाचा बाइट. पण त्यात 'आय' होता. शेवटचा ई चुकून गळला तर त्याचा 'बिट' होईल आणि सगळा घोळ होईल, म्हणून त्यांनी मुद्दाम 'वाय' घातला. माणूस चुकणार हे गृहीत धरून त्यांनी शब्दच बदलला. चुकणाऱ्याला ते हसले नाहीत.

दुसरी गोष्ट नावांची. १९१८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. रॉबर्ट आणि रुपर्ट, दोघांचाही कोड येतो आर १६३. कारकुनानं स्पेलिंग कसंही लिहिलं तरी माणूस सापडावा, यासाठी ही धडपड. त्यांच्या जनगणनेची नावं पुढे अशीच लावली गेली.

हे सांगायचं कारण, तीन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. आईच्या पेन्शनचे कागद करायला मी गावी आले. ऑनलाइन अर्ज भरायचा होता. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर इंजिनियर, हा अर्ज काय अवघड आहे? पण घरी स्कॅनर नव्हता, म्हणून गावातल्या ई-सेवा केंद्रात गेले. काउंटरच्या पलीकडे कोण बसला होता? तोच.

त्यानं ओळखलं. चहा मागवला. मग आईचे तीन कागद टेबलावर एकाखाली एक लावले आणि प्रत्येकावर बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं. मी घाईत होते. म्हटलं, "अरे, नाव सारखंच आहे, कर पुढं." तो म्हणाला, "ऐकायला सारखं हाय. बघायला नाही." आणि खरंच, आधारवर आईच्या नावात एक आय, पासबुकात डबल ई, आणि बाबांच्या ऑफिसच्या कागदावर एक एच जास्तीचा. साउंडेक्सला ही तिन्ही नावं एकच वाटली असती. पेन्शनच्या ऑफिसला ती तीन बायकांची वाटली असती, आणि आई पुढचे किती महिने हेलपाटे घालत राहिली असती कोण जाणे. मी हजारो ओळींचे प्रोग्रॅम तपासते. माझ्या आईचं नाव मी तपासलं नव्हतं.

तो म्हणाला, "आधी हे तिन्ही एक करून घेऊ. बरोबर कोणतं, ते परत सांग." मी स्पेलिंग सांगायला लागले. मधेच त्यानं मान वर केली आणि विचारलं, "डबल ई ना? हरणावानी?"

आणि हसला. मोकळं हसला. मला मात्र हसता आलं नाही.

त्याच्या काउंटरवर मी त्या दिवशी तासभर बसले होते. म्हातारी माणसं येत होती, कोणाचा आधार, कोणाचा सातबारा, कोणाचा उत्पन्नाचा दाखला. तो प्रत्येकाला नाव दोनदा विचारायचा, लिहिलेलं मोठ्यानं परत वाचून दाखवायचा, आणि मगच बटण दाबायचा. विमानांच्या जगातली ती पद्धत त्याला कोणी शिकवली नव्हती. मी विचारलं, "कंटाळा येत नाही का रे?" तो म्हणाला, "एका अक्षरानं माणसाचं काय होतं, ते मला म्हाईत हाय."

तो आज इथे बसला आहे. हा मंडप आणि या खुर्च्या त्यानंच लावून घेतल्या आहेत. हे सगळं सांगण्याआधी मी त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "नाव घेतलं तरी चालंल." मी घेत नाही. पण सगळ्यांसमोर चूक केली होती, तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी. तेव्हा ऐक रे. त्या दिवशी मी हसले, वर्गाला हसवलं आणि तुझा हात खाली गेला. माझं चुकलं. मला माफ कर.

(इथे तो उभा राहून म्हणाला, "बस की आता!" आणि सभागृह हसलं. हे हसणं वेगळं होतं.)

थोडंच उरलं आहे. सारख्या आवाजाचे शब्द कुठल्याच भाषेतून जाणार नाहीत. त्यांच्यावर औषध एकच, परत विचारणं. आणि विचारणाऱ्याला हसणारं कोणी असलं की ते औषध बंद होतं. आज आपली मुलं इंग्रजी शाळांत शिकतात, आपण त्यांच्या चुकीच्या उच्चारांना घरी हसतो, पाहुण्यांसमोर त्यांना बोलायला लावतो. जरा बघा, त्यांचा हात कधी खाली जातो ते.

मी आणि त्यानं मिळून मुख्याध्यापकांना एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्यही केली आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आठवी-नववीच्या मुलांसाठी मी पुण्याहून व्हिडिओवर एक तास इंग्रजी घेईन. वर्गात समोर तो बसेल. पान मधोमध दुमडायचं, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा, सरांच्या पद्धतीनं. नियम एकच असेल: कोणी चुकलं तर हसायचं नाही, आणि कळलं नाही तर "परत एकदा सांगा" असं मोठ्यानं म्हणायचं. ज्यांना यात तास घ्यायचा असेल त्यांनी जेवणाच्या वेळी आम्हा दोघांना भेटा.

सर, तुम्ही त्या दिवशी एक अक्षर पुसून जे शिकवलंत, ते मला समजायला तीस वर्षं लागली. उशीर झाला. पण झालं.